मोकळ्या खोलीला वाचून दाखवताना

१

वाचनालयाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागच्या बाजूला, चिमुरड्यांची खोली होती. चिमुरडी म्हणजे जी पुस्तक आधी चावून बघतात आणि मग उघडतात, अशी. त्या खोलीत कुठलं चित्रपुस्तक यायचं आणि कुठलं नाही, हे बाई ठरवायच्या. पाठीमागे सगळे त्यांना चाळणीबाई म्हणत. ग्रंथपाल तर तोंडावरच म्हणायचे, "बाई, तुमच्या चाळणीतून पाणीसुद्धा खाली पडायचं नाही."

बाईंना ते ऐकून बरंच वाटायचं. पुस्तक निवडणं हा काही पोरखेळ नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. पानं जाड पुठ्ठ्याची हवीत, कोपरे गोल हवेत. एका पानावर एकच चित्र, आणि त्याच्या भोवती भरपूर रिकामी जागा. वाक्य एका श्वासात संपायला हवं आणि पुन्हा पुन्हा यायला हवं. उपदेश दिसला की पुस्तक परत. चित्रातला प्राणी डोळे रोखून समोर बघत असला तरी परत. लहान मुलांना कुणी असं टक लावून बघितलेलं आवडत नाही.

एवढ्यातून जे तरायचं त्याची शेवटची परीक्षा दुपारी व्हायची. खोली मुलांसाठी बंद असायची तेव्हा बाई छोट्या रंगीत खुर्च्या अर्धगोलात मांडायच्या, समोर बुटक्या स्टुलावर बसायच्या, आणि पुस्तक खांद्याशी धरून, चित्रं खुर्च्यांकडे करून, मोठ्याने वाचायच्या. चित्रं ऐकणाऱ्यांकडे, म्हणजे वाचणाऱ्याला पान दिसत नाही. मजकूर आधी पाठ करावा लागतो. वाक्य कुठे अडखळतं, पान कुठे उशिरा उलटतं, ते तेव्हाच कळतं. याला त्या 'मोकळ्या खोलीला वाचून दाखवणं' म्हणायच्या. कित्येक वर्षांत मोकळ्या खोलीने ऐकल्याशिवाय एकही पुस्तक मुलांपर्यंत पोचलं नव्हतं.

मुलांना वाचून दाखवायचं काम मात्र त्यांच्याकडे राहिलं नव्हतं. बाईंचा आवाज सपाट होता, इस्त्री केलेल्या चादरीसारखा, कुठे एक सुरकुती म्हणून नाही. त्या वाचायला लागल्या की मुलं रांगत दाराकडे निघायची. एकदा शेवटच्या पानापर्यंत एकच मूल उरलं होतं, आणि तेही झोपलेलं. मग ग्रंथपालांनी एक नवी मुलगी आणली. तिने पहिल्याच दिवशी म्हैस होऊन हंबरून दाखवलं आणि खोली डोक्यावर घेतली. आया तिला गोष्टताई म्हणू लागल्या. बाई आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येकीला 'अगं' म्हणायच्या, हिला मात्र 'तुम्ही' म्हणायच्या.

तेवढ्यावर भागलं असतं. पण बाईंची लेक आपल्या पोरीला, ठकीला, गोष्टीच्या सकाळी घेऊन यायची. ठकी दोन वर्षांची होत आली होती. चेंडूला 'ता' म्हणायची, दुधाला 'दुदू' म्हणायची आणि गोष्टताईला 'ताता' म्हणायची. आजी हा शब्द काही तिच्या तोंडातून आला नव्हता. बाई हात पसरून उभ्या राहायच्या आणि ठकी त्यांच्या हाताखालून सुळकन जाऊन ताईच्या मांडीवर बसायची.

"आई, अगं लहान आहे ती," लेक म्हणायची.

"मी काही म्हटलं का?" बाई म्हणायच्या.

मग त्या खोलीबाहेर काचेच्या दाराशी उभ्या राहून बघायच्या. आत ताईच्या मांडीवर ठकी, आणि त्यांच्यावर, काचेत, बाईंचा स्वतःचा चेहरा: ओठ घट्ट मिटलेले, एक भुवई चढलेली. पोटात दुखतं म्हणजे काय ते त्यांना त्या दाराशी नीट कळलं. पुस्तक मी शोधायचं, मी पारखायचं, आणि पोरं हिच्या गळ्यात पडायची. माझी नातसुद्धा.

२

पहिल्यांदा ते झालं तेव्हा बाई एका पिल्लाचं पुस्तक वाचत होत्या. प्रत्येक पानावर पिल्लू कुणाला तरी विचारतं, "माझी जागा कुठे?" आणि पान उलटायच्या आधी वाचणाऱ्याने थोडं थांबायचं असतं. तेवढ्यात मुलं पुढे सरकतात. निदान ताई वाचायची तेव्हा सरकायची.

बाई थांबल्या, आणि खुर्ची कुरकुरली.

डावीकडच्या टोकाची, हिरवी. एवढासा आवाज. कुणी लहान मूल बूड सावरून पुढे आलं तर होईल तेवढा. बाईंनी पान उलटलं. पुढच्या थांब्याला पुन्हा कुरकुर, आणि त्याच्या पुढच्यालाही.

बाई काही भोळ्याभाबड्या नव्हत्या. लाकूड आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. सकाळी फरशी ओल्या फडक्याने पुसली, आता उन्हाने तापली, लाकूड आवाज करणारच. पण मग बाकीच्या खुर्च्यांचंही लाकूडच की. त्या तोंड शिवल्यासारख्या गप्प होत्या. आणि लाकडाला थांबा कुठे आहे ते कसं कळतं?

पुस्तक संपवून त्या उठल्या तेव्हा हिरवी खुर्ची ओळीतून वीतभर पुढे आलेली होती. मीच वाकडी मांडली असणार, त्या पुटपुटल्या.

त्यांना भीती वाटायला हवी होती. पण वाटलं ते वेगळंच. जन्मात पहिल्यांदा त्यांचं वाचन ऐकून कुणीतरी पुढे सरकलं होतं. घरी जाताना बाई चक्क गुणगुणत होत्या. लेकीने विचारलं, "आज स्वारी खूश दिसतेय?" तर म्हणाल्या, "आज पुस्तक चांगलं मिळालं."

३

मग त्यांना दुपारची ओढ लागली. सकाळी काचेपलीकडे ठकी ताईच्या गळ्याला मिठी मारायची, तेव्हा बाई मनात म्हणायच्या, मार मिठी, मलाही आहे कुणीतरी. हिरवी खुर्ची रोज थोडी पुढे यायची. त्या ती मागे ओढत नसत. उलट तिच्या समोर येईल असं स्टूल सरकवून घेत.

काय आवडतं तेही त्यांना हळूहळू कळायला लागलं. गमतीच्या, नाचऱ्या पुस्तकांना खुर्ची गप्प असायची. हरवलेल्याची गोष्ट असली, कुणी बाहेर उभं असेल आणि आतला दिवा दिसत असेल, कुणाची जागा कुणी घेतली असेल, तर मात्र कुरकुर लागोपाठ यायची. बाई तशीच पुस्तकं निवडू लागल्या. चाळणी तीच होती, फक्त आता ती दुसऱ्याच कुणाच्या हातात होती.

एके दिवशी गोष्टताई त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मुलगी गुणाची होती, पण बाई तिला पाण्यात बघत होत्या, त्याला तिचा इलाज नव्हता.

"बाई, रागवू नका, पण एक विचारू? हल्लीची पुस्तकं जरा... मुलं हसत नाहीत हो."

"सगळ्यांना सारखं हसवत बसायचं म्हणजे सर्कस झाली."

"तसं नाही. ऐकतात, अगदी हूं की चूं न करता ऐकतात. पण माझ्याकडे बघत नाहीत, पुस्तकाकडेही नाही. सगळी मिळून त्या टोकाच्या हिरव्या खुर्चीकडे बघतात. आणि तिच्यावर एकही बसत नाही. काल ठकीला मी उचलून बसवायला गेले, तर ती काठीसारखी ताठ झाली. किंचाळली केवढी! तुम्ही ऐकलंच असेल."

बाईंनी ऐकलं होतं. दाराशी उभ्या राहून त्यांनी ठकीला ताईच्या हातातून सुटण्यासाठी धडपडताना बघितलं होतं, आणि त्यांना बरं वाटलं होतं. सोन्यासारखी नात घाबरून काळीनिळी झाली आणि आजीला बरं वाटलं.

"खुर्ची माळ्यावर टाकूया का?" ताईने विचारलं.

"खबरदार हात लावाल तर," बाई म्हणाल्या. आवाज इतका चढला की वाचनकक्षातल्या दोघातिघांनी माना वर केल्या.

४

त्यानंतरच्या एका दुपारी बाईंना यायला उशीर झाला. जिन्याच्या मागे वळल्या तर खोलीतून आवाज येत होता. ताईचा. रंगात आलेला, वर चढणारा, खाली उतरणारा.

बाईंनी काचेतून बघितलं. ताई त्यांच्याच स्टुलावर बसून, पुस्तक खांद्याशी धरून, मोकळ्या खोलीला वाचून दाखवत होती. डोळे पुस्तकाच्या वरून समोरच्या भिंतीवर. आणि हिरवी खुर्ची ओळ सोडून, बाकी सगळ्या खुर्च्यांना पाठ करून, ताईच्या गुडघ्याला टेकली होती. बाईंजवळ इतक्या दिवसांत ती हातभर अंतरापर्यंतच आली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. बाई दार ढकलून आत शिरल्या.

"हे काय चाललंय?"

ताई दचकली. "बाई! तुमच्यासारखा सराव करत होते. ग्रंथपाल म्हणाले, बाईंची पद्धत शिकून घ्या."

"ही खुर्ची कुणी पुढे घेतली?"

ताईने खाली बघितलं. बघताच तिने गुडघे बाजूला घेतले, चटका बसावा तसे. "मी... मी खुर्च्यांना हातसुद्धा लावला नाही, बाई. शपथ."

बाईंना हेच ऐकायचं नव्हतं. तिने ओढली असती तर माफ करता आलं असतं. खुर्ची आपण होऊन गेली होती. मुलं गेली, ठकी गेली, आणि आता हेही गेलं. जे कुणी होतं त्याला बाईंचा सपाट आवाज चालत होता तो दुसरा ऐकला नव्हता तोवरच.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या.

ताई जाताना दारात थांबली. तिचा चेहरा उतरला होता. "बाई, मी वाचत होते ना, तर पान उलटायच्या आधी कुणीतरी पुढचं वाक्य म्हणत होतं. अगदी हळू. मला वाटलं तुम्हीच बाहेर उभ्या आहात. आवाज तुमचाच होता."

एकट्या पडल्यावर बाईंनी खुर्ची उचलून टोकाला नेऊन आपटली. खुर्ची हलकी असायला हवी होती. ती हलकी नव्हती.

५

मग बाईंनी ठरवलं की ते गेलं तर जाऊ दे, ठकी मी सोडणार नाही.

त्यासाठी त्यांनी एक पुस्तक काढलं. नुकतंच आलेलं, लाल मोज्याचं. एका मुलीचा मोजा हरवतो. ती एकेका प्राण्याला विचारते, "मोजा कोणी घेतला?" आणि प्रत्येक प्राणी म्हणतो, "मी नाही." शेवटच्या पानावर, पांघरुणात, कुणीतरी म्हणतं, "मी घेतला." इतकं नेटकं पुस्तक बाईंच्या हातात कैक वर्षांत आलं नव्हतं. सवयीने त्यांनी ते मोकळ्या खोलीला वाचून दाखवलं, एकदाच. खुर्ची मुळीच कुरकुरली नाही. रुसली असेल, बाईंनी मनात म्हटलं, आणि रुसू दे. पुस्तक ताईच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी ते कपाटात, मागच्या बाजूला ठेवलं.

लेकीला दुपारचं काम निघालं आणि ती ठकीला आजीकडे सोडून गेली. बाईंना असंच हवं होतं. ठकीचं बोट धरून त्या वाचनकक्षातून निघाल्या. वाटेत ताई पुस्तकं लावत होती.

"ताता!" ठकीने दोन्ही हात पुढे केले.

"ताता कामात आहे. आपण गोष्ट वाचायची, चल," बाई म्हणाल्या, आणि तिला जवळजवळ ओढतच खोलीत नेलं. काचेचं दार आपल्या सवयीने सावकाश मिटायला लागलं.

त्या कपाटाकडे वळल्या. मागून लाल मोज्याचं पुस्तक काढायला क्षणभर लागला असेल. दार खट्टकन लागल्याचा आवाज झाला. वळल्या तेव्हा ठकी बसलेली होती. मुकाट, शहाण्यासारखी, हात मांडीवर ठेवून. हिरव्या खुर्चीवर.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खिडकीतलं ऊन तिच्या पाठीमागून येत होतं, तोंड सावलीत होतं. केसांची दोन शेंडुकली तेवढी उजळलेली. शहाणी गं माझी बाय, त्या म्हणाल्या. स्टुलावर बसल्या, पुस्तक खांद्याशी धरलं, चित्रं तिच्याकडे केली आणि वाचू लागल्या.

"मुलगी मांजराकडे गेली. म्हणाली, मोजा कोणी घेतला?"

आणि त्या थांबल्या.

"मी... नाही," खुर्चीतून उत्तर आलं.

बोलली! बाईंचा ऊर भरून आला. ताईपुढे जी 'ता' आणि 'दुदू'च्या पुढे गेली नाही, ती आजीपुढे अख्खं वाक्य बोलली. त्यांनी पान उलटलं. कुत्रा. "मी... नाही." पान उलटलं. बदक. "मी... नाही." स्पष्ट, एका पट्टीत, 'नाही'च्या आधी जरासं थांबून. कान तृप्त झाले बाईंचे. असं मूल त्यांना हवं होतं. इकडेतिकडे न बघणारं, दाराकडे न रांगणारं, फक्त त्यांचं.

चौथ्या पानाला मात्र हात थबकला. 'नाही'च्या आधी असं थांबायची सवय बाईंची होती.

लहान मुलं नक्कल करतात, त्यांनी स्वतःला समजावलं. पण नक्कल करायला आधी ऐकावं लागतं. त्यांनी तर आज 'मी नाही' अजून एकदाही म्हटलं नव्हतं. दर वेळी त्या म्हणायच्या आधीच ते येत होतं. हे पुस्तक ठकीने ऐकलेलं नव्हतं. कुणीच ऐकलेलं नव्हतं, मोकळ्या खोलीशिवाय.

६

काचेवर थाप पडली.

एवढीशी थाप, तळहाताची. बाईंनी मान वर केली. दारापलीकडे ताई उभी होती आणि तिच्या कडेवर ठकी होती. एका हातात बिस्किट, एक पाय अनवाणी. दार मिटत असतानाच पोरगी फटीतून ताईकडे पळाली असणार, आणि आता, कशी कोण जाणे, तिला परत यायचं होतं. ती मोकळ्या हाताने काच बडवत होती. ताई हसत होती, दाराची मूठ हलवत होती. मूठ फिरत नव्हती. ताईचं हसू हळूहळू मावळायला लागलं.

"आजी," ठकी म्हणाली.

काचेतून ते अगदी बारीक ऐकू आलं, पण आलं. "आजी! आजी!"

ज्या शब्दासाठी बाई झुरल्या, तो असा आला. त्या अर्ध्या उठल्या. आणि समोरच्या खुर्चीत जे बसलं होतं त्याने मान दाराकडे वळवली.

काचेतला उजेड त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला. बाईंनी तेवढाच बघितला, आणि तेवढा पुरला. नाकडोळे कसे होते ते त्यांना सांगता आलं नसतं. पण ओठ घट्ट मिटलेले होते, एक भुवई चढलेली होती, आणि ते ठकीकडे टक लावून बघत होतं. तो चेहरा बाईंच्या ओळखीचा होता. कितीतरी सकाळी त्यांनी तो त्याच दाराच्या काचेत बघितला होता, फक्त पलीकडून.

खुर्ची कुरकुरली. दोन पावलं फरशीवर टेकल्याचा आवाज आला. ते उतरत होतं. आणि मूठ, जी ताईला वळत नव्हती, ती आता आपली आपण सावकाश वळायला लागली.

"ती कोणी नाही," बाई म्हणाल्या.

ते थांबलं.

"माझी कोणी नाही ती. कुणाचं तरी मूल आहे, येतं इथे. मला नातबीत नाही." त्यांचा आवाज कधी नव्हे तो कापत होता. त्यांनी तो सरळ केला, इस्त्री फिरवावी तसा. "तू बस. तुझ्याचसाठी तर आणलंय हे पुस्तक. इकडे बघ. माझ्याकडे बघ."

मूठ होती तिथेच राहिली. ते सरकत सरकत परत खुर्चीत बसलं. मग खुर्ची पुढे आली, बाईंच्या गुडघ्याला टेकली, आणि गुडघ्यावर काहीतरी येऊन विसावलं. लहान हात असतो तेवढंच, पण जड.

"आजी!" दारापलीकडे ठकी आता रडत होती. ताई ग्रंथपालांना हाका मारत होती.

एकदा बघावं, एकदाच, असं बाईंच्या फार मनात आलं. पण त्यांचे डोळे जिकडे जातील तिकडे समोरची मान वळणार होती, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी पुस्तक खांद्याशी धरलं आणि रिकाम्या भिंतीकडे बघत उरलेली पानं वाचली. बेडूक, मेंढी, म्हातारा घोडा. मी नाही, मी नाही, मी नाही. शेवटचं पान त्यांनी उलटलं, आणि विचारलं, "मग मोजा कोणी घेतला?"

"मी घेतला," समोरून उत्तर आलं, बाईंच्याच आवाजात, आणि मग, हावरेपणाने, "पुन्हा."

दारावरच्या थापा मंदावत गेल्या. बाईंनी तिकडे न बघता पहिलं पान उघडलं.